जुन्या स्विफ्टला मोठी चाकं, टायर न घासता

मोठी चाकं लावली, पहिल्या वळणावर स्टिअरिंग पूर्ण कापलं आणि आतून ‘खर्रर्र’ आवाज आला, की आधी शिव्या खातो तो टायर. दहा-पंधरा वर्षं चाललेल्या गाडीत त्याचा वाटा अर्धाच असतो. बसलेल्या स्प्रिंगा, ढिले बुश (सस्पेन्शनच्या जोडांतली रबरं), क्लिपा तुटून लोंबणारं लायनर (चाकावरच्या खोबणीतलं प्लॅस्टिकचं अस्तर) आणि कधीतरी ठोकून सरळ केलेला फेंडर (चाकावरचा बाहेरचा पत्रा) यांनी आतली जागा आधीच खाल्लेली असते. कंपनीतून निघालेल्या गाडीत जो आकार आरामात बसतो, तोच तुमच्या गाडीत घासू शकतो. त्यामुळे तक्त्यातल्या आकड्यांपेक्षा स्वतःच्या गाडीचं माप महत्त्वाचं, आणि या लेखातला बराचसा भाग ते माप घेण्याबद्दलच आहे.

उदाहरणाला घेतली आहे २००५ ते २०११ या काळात आपल्याकडे विकली गेलेली पहिली मारुती स्विफ्ट. अजून रस्त्यावर भरपूर आहे आणि तिच्यासाठी रिम सहज मिळतात. गाडी दुसरी असेल तर आकडे बदलतील, पद्धत हीच.

कुठवर जायचं

या स्विफ्टच्या साध्या मॉडेलांना १६५/८० आर१४ टायर येत, वरच्या झेडएक्सआयला १८५/७० आर१४. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. तिसरा रिमचा व्यास, इंचांत. पूर्ण चाकाचा व्यास काढायचा असेल तर रिमचे इंच गुणिले २५.४, अधिक भिंतीच्या उंचीची दुप्पट.

१६५/८० आर१४ चं गणित: १४ × २५.४ = ३५५.६. भिंत १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२, तिची दुप्पट २६४. एकूण ६१९.६ मिमी. हा तुमचा मूळ आकडा. बाकी सगळं याच्याशी ताडून बघायचं.

१८५/६५ आर१५ : ६२१.५ मिमी
१९५/६० आर१५ : ६१५ मिमी
१९५/५५ आर१६ : ६२०.९ मिमी
२०५/५५ आर१६ : ६३१.९ मिमी
१९५/६५ आर१५ : ६३४.५ मिमी
१९५/५० आर१५ : ५७६ मिमी

मूळ व्यासापेक्षा दोन टक्क्यांहून जास्त वर जाऊ नका. व्यास १५ मिमी वाढला तर गाडी साडेसात मिमी उचलली जाते आणि त्याचा आनंद होतो. पण टायरचा माथाही फेंडरच्या तितकाच जवळ जातो, आणि स्टिअरिंग कापल्यावर टायरची पुढची-मागची कडही तितकीच पुढे येते. शिवाय मीटर खोटं बोलायला लागतं. १९५/६५ आर१५ लावून काट्यावर १०० असेल तर चाकं मूळ टायरच्या मानाने २.४ टक्के जास्त धावत असतात, आणि ओडोमीटर त्याच हिशेबाने कमी किलोमीटर मोजतं.

आमचं मत सरळ आहे: या गाडीला १५ इंचावर थांबा, आणि पहिली पसंती १८५/६५ आर१५. २०११ नंतरच्या दुसऱ्या स्विफ्टच्या वरच्या मॉडेलांना कंपनीने हाच आकार दिला, त्यामुळे टायर कुठेही मिळतो. व्यासात फरक जेमतेम दोन मिमीचा. १६ इंच दिसायला झकास, पण टायरची भिंत १३२ वरून १०७ मिमीवर येते. पावसाळ्यातल्या खड्ड्यात धार लागली की रिमला पोचा आणि टायरला फुगा, दोन्ही एकदम.

भार-अंकही बघा. टायरवर आकाराच्या पुढे ८५टी, ८८एच असं काही छापलेलं असतं. ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०, ८२ म्हणजे फक्त ४७५. मूळ टायरवर ८५ असेल तर नवा त्याहून खाली नको. १९५/५० आर१५ हा ‘स्पोर्टी’ म्हणून गळ्यात मारला जाणारा टायर सहसा ८२ चा असतो, आणि व्यासानेही जवळपास ४४ मिमी लहान. मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असलं की तो आपली मर्यादा दाखवतो.

रिमवर काय कोरलंय

रिमच्या मागच्या बाजूला किंवा आऱ्यांच्या पाठीवर आकडे असतात. चार गोष्टी शोधायच्या.

रुंदी: ५जे, ६जे, ६.५जे. इंचांत, आणि ती टायर जिथे बसतो त्या दोन कडांमधली. रिमचं बाहेरून बाहेर माप याहून जास्त येतं.

ऑफसेट: ईटी४५, ईटी३८ असा. रिमच्या बरोबर मध्यरेषेपासून हबला (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला) टेकणारा पृष्ठभाग किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे, ते हा आकडा सांगतो. ईटी जितका कमी, तितकं चाक बाहेर येतं. नवखा माणूस इथेच फसतो, कारण त्याला वाटतं आकडा वाढला की चाक बाहेर जाईल.

पीसीडी: किती नट आणि ते किती व्यासाच्या वर्तुळावर. स्विफ्टचं ४×१००. जुन्या मारुती ८०० चं ४×११४.३, फियाट पालिओचं ४×९८. हा ९८ धोक्याचा आहे. ९८ चं रिम १०० च्या हबवर चढल्यासारखं वाटतं, नटही फिरतात. पण निमुळतं डोकं नीट बसत नाही, तिरकं राहतं आणि काही दिवसांत नट सैल होतात. ‘बसतंय की’ या शब्दावर कधीही विश्वास ठेवू नका.

मधलं भोक: स्विफ्टच्या हबचं माप ५४.१ मिमी. बाजारातल्या बऱ्याच मॅगव्हीलना (अलॉय रिमना) ६७.१ किंवा ७३.१ चं मोठं भोक असतं, म्हणजे एकच रिम दहा गाड्यांना विकता येतं. ती मोकळी जागा भरायला हब रिंग लागते: बाहेरून रिमच्या भोकाएवढी, आतून ५४.१. रिंग नसेल तर रिम फक्त नटांच्या भरवशावर मध्यभागी येतं आणि ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. मग चाकं तीनदा बॅलन्स करून घेतली तरी थरथर जात नाही, कारण खोट बॅलन्सिंगमध्ये नसतेच.

रिमवर आयएसआयची छाप हवी. परदेशी बनावटीच्या रिमवर जेडब्ल्यूएल ही जपानी मानकाची छाप दिसते. कसलीच छाप नसलेलं चमकदार रिम दुकानातच राहू द्या.

आधी गाडी जागेवर आणा

मोजमापाआधी हे उरकून घ्या, नाहीतर चुकीच्या गाडीचं माप घ्याल.

गाडी सपाट जागी उभी करा, चारही टायरांत दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे हवा, डिकी रिकामी. चाकाच्या बरोबर मध्यापासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत मोजा. हे माप टायरच्या आकारावर अवलंबून नसतं, म्हणून ते स्प्रिंगची खरी हालत सांगतं. डाव्या-उजव्यात १० मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर एक स्प्रिंग बसली आहे, किंवा तिचं टोकाचं वेटोळं मोडलं आहे. हात घालून चाचपा. मोडलेलं टोक कधीकधी खालच्या वाटीत पडून असतं. स्प्रिंगा नेहमी जोडीने बदलायच्या.

मग प्रत्येक पुढच्या चाकापुढची आणि मागची जागा मोजा: टायरपासून बंपरच्या कडेपर्यंत, आणि टायरपासून दारापुढच्या फेंडरच्या कडेपर्यंत. दोन्ही बाजू सारख्या असायला हव्यात. एका बाजूला चाक पाच-सहा मिमी मागे सरकलेलं आढळलं तर लोअर आर्मचा (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचा) मागचा बुश फाटला असेल, आर्म वाकला असेल किंवा गाडीला कधीतरी मार बसला असेल. ब्रेक मारला की असं चाक आणखी मागे जातं आणि टायर लायनरला लागतो. ‘ब्रेक मारला की घासतो, एरवी नाही’ ही तक्रार आली की आधी हाच बुश बघायचा.

चाक जॅकवर उचलून वर-खाली आणि आडवं हलवा. वर-खाली खटखट असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवी असेल तर टाय रॉड एंड. यातला खेळ नव्या रुंद टायरखाली दुप्पट जाणवतो. गाडीखाली किंवा चाकाच्या आत हात घालण्याआधी घोडी (गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर कधीच नाही.

लायनर आणि बंपर शेवटी. क्लिपा तुटून लायनर टायरच्या दिशेने फुगलेलं असतं. बंपरच्या खालच्या कोपऱ्यातला स्क्रू बाहेर डोकावत असतो. नव्या क्लिपा किरकोळ पैशात येतात, आणि अर्ध्या गाड्यांचं घासणं एवढ्यानेच थांबतं.

एक गोष्ट मात्र करू नका. बसलेली स्प्रिंग झाकायला वेटोळ्यांमध्ये रबरी बफर अडकवायची पद्धत आहे. गाडी उचललेली दिसते, पण वेटोळ्यांची तेवढी हालचाल बंद होते, सगळा भार उरलेल्या वेटोळ्यांवर जातो आणि तुमचं मापही खोटं ठरतं.

माप घ्या

लागणाऱ्या वस्तू: स्टीलची पट्टी, दोरा आणि त्याला बांधायला एक जड नट, ॲलन कीचा संच, बॅटरी (टॉर्च), खडू, वही.

बाहेरची जागा. फेंडरच्या आतल्या दुमडलेल्या कडेवरून, चाकाच्या बरोबर माथ्यावर, ओळंब्यासारखा दोरा सोडा. दोरा आणि टायरच्या भिंतीचा सर्वांत फुगलेला भाग यांतलं आडवं अंतर नोंदवा. चारही चाकांचं.

आतली जागा. पुढे टायरची आतली भिंत आणि स्ट्रटची (स्प्रिंग आणि शॉकअपच्या उभ्या खांबाची) नळी यांच्यात, मागे टायर आणि शॉकअप यांच्यात. तिथे पट्टी जात नाही, म्हणून ॲलन की घाला: ६ ची गेली, ८ ची गेली, १० ची अडकली, म्हणजे जागा ८ ते १० मिमी. स्प्रिंगची खालची वाटी टायरच्या वर येत असेल तर तिच्या आणि टायरच्या माथ्यामधलं अंतरही बघा. व्यास वाढला की ते कमी होतं, आणि लोक नेमकं हेच विसरतात.

स्टिअरिंग कापून. एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे. प्रत्येक वेळी चार ठिकाणी: बंपरची कड, लायनरचा मागचा भाग, दारापुढच्या पत्र्याची खालची जोड, आणि आत ब्रेकचा पाइप व लिंक रॉड.

हिशेब कसा करायचा

समजा जुन्या रिमवर ५जे, ईटी४५ कोरलेलं आहे आणि टायर १६५ चा. टायरची अर्धी रुंदी ८२.५. हबच्या पृष्ठभागापासून बाहेर: ८२.५ वजा ४५ = ३७.५. आत: ८२.५ अधिक ४५ = १२७.५.

पर्याय पहिला, ६जे ईटी४० वर १८५ चा टायर. अर्धी रुंदी ९२.५. बाहेर ५२.५, आत १३२.५. म्हणजे बाहेर १५ मिमी सरकला, आत ५ मिमी.

पर्याय दुसरा, ६.५जे ईटी३८ वर १९५ चा. अर्धी रुंदी ९७.५. बाहेर ५९.५, आत १३५.५. म्हणजे बाहेर २२, आत ८.

टायरची छापील रुंदी एका ठराविक रिमवर मोजलेली असते. १८५/६५ आर१५ ची ५.५जे वर, १९५/६० आर१५ ची ६जे वर. रिम अर्धा इंच रुंद झालं की टायर साधारण ५ मिमीने फुगतो. वरच्या दोन्ही पर्यायांत रिम अर्धा इंच जास्त आहे, तेव्हा दोन्ही बाजूंना आणखी अडीच मिमी धरा.

आता हे तुमच्या मापातून वजा करा. बाहेर २६ आणि आत १६ मिमी मोकळे असतील तर पहिल्या पर्यायात उभ्या गाडीत बाहेर साडेआठ, आत साडेआठ उरतात (सस्पेन्शन दबल्यावरची जागा पुढे वेगळी तपासायची). बसेल. दुसऱ्यात बाहेर दीड मिमी आणि आत साडेपाच. गाडी उभी असताना सुंदर दिसेल, चार माणसं बसून पहिल्या स्पीडब्रेकरला फेंडर टायरला चाटेल.

हातात ठेवायच्या मर्यादा अशा: गाडी उभी असताना आत स्ट्रटपाशी किमान ६ मिमी, शक्य तर ८, स्टिअरिंग पूर्ण कापल्यावर लायनरपाशी १०, सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर फेंडरच्या कडेपाशी १०. स्ट्रटपाशी कमी चालतं, कारण पुढच्या चाकासोबत स्ट्रटही वर-खाली होतो आणि वळतो, त्यांच्यातलं अंतर फारसं बदलत नाही. फेंडर जागेवरच असतो, म्हणून तिथे जास्त जागा हवी.

ऑफसेट मूळच्या पाच-सात मिमीच्या आत ठेवा. चाक फार बाहेर काढलं की बेअरिंगवर तरफेसारखा ताण येतो, खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटके देतं, आणि टायर चिखल फेकून दारं रंगवतो. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत पार्किंगला खांदे भरून येतील ते वेगळंच.

विकत घेताना

चारही रिमवर टायर चढवायच्या आधी एक नुसतं रिम पुढच्या हबवर लावून बघायला सांगा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. रिम हाताने फिरवा: ब्रेक कॅलिपर आणि आऱ्यांची पाठ यांच्यात किमान ३ मिमी हवेत. व्यास मोठा असला तरी आरे आत वळलेले असतील तर कॅलिपरला लागतात. बॅलन्सिंगसाठी आतून चिकटवायच्या शिशाच्या पट्ट्या कुठे येतील तेही बघा.

सेकंडहँड रिम असेल तर बॅलन्सिंग मशीनवर टायरशिवाय फिरवून घ्या. कड लपकताना दिसली तर नको. तापवून सरळ केलेलं आणि वेल्डिंग मारलेलं मॅगव्हील आतल्या बाजूने ओळखू येतं. तिथला रंग वेगळा असतो.

नट. स्विफ्टचे स्टड (हबवरचे आटेदार खुंट, ज्यांवर नट बसतात) १२×१.२५ चे आहेत: जाडी १२ मिमी, दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी. होंडा, ह्युंदाई, टोयोटाचे १२×१.५. तसले नट स्विफ्टवर दोन फेरे हाताने फिरतात, मग पाना लावून जोर केला की स्टडचे आटे जातात. बाजारातल्या मॅगव्हीलला ६० अंशांचं निमुळतं डोकं लागतं; होंडाचे मूळ नट गोलसर डोक्याचे असतात, ते निमुळत्या खोबणीत फक्त एका रेषेवर टेकतात. आणखी एक हिशेब: नट किमान स्टडच्या जाडीएवढा आत जायला हवा. १२ मिमी भागिले १.२५, म्हणजे दहा पूर्ण फेरे. मॅगव्हीलची बैठक स्टीलच्या डिस्कपेक्षा (साध्या स्टील रिमपेक्षा) जाड असते, त्यामुळे स्टड तोकडा पडू शकतो. फेरे मोजा. दहा भरत नसतील तर लांब स्टड घाला.

टायरची वयाची खूण भिंतीवर चार आकड्यांत असते. २३२४ म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला.

बसवणी

१. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, समोरच्या चाकाला लाकडी अडण. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा, मग उचला, घोडी लावा.

२. हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून काढा. जुन्या गाडीत इथे गंजाचे पापुद्रे असतात. अर्धा मिमीचा पापुद्रा राहिला तर चाक तिरकं बसतं आणि पापुद्रा चुरला की नट सैल होतात. स्टडना तेल-ग्रीस लावू नका. त्याने तेवढ्याच जोरात नट जास्त ताणला जातो.

३. हब रिंग रिमच्या भोकात दाबून बसवा, मग चाक चढवा. रिंग सैल असेल तर माप चुकलंय.

४. चारही नट हाताने शेवटपर्यंत. मग पान्याने हलके, समोरासमोर: एक, त्याच्या समोरचा, मग बाजूचा, मग त्याच्या समोरचा.

५. चाक जमिनीला टेकवा आणि टॉर्क पान्याने आवळा. या स्विफ्टला ८५ न्यूटन मीटर. गाडीसोबतच्या पुस्तिकेतून खात्री करून घ्या. टॉर्क पाना नसेल तर ३० सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाला साधारण २९ किलोचा जोर. पाना पायाने दाबणं नाही, आणि हवेची गन तर मॅगव्हीलवर अजिबात नाही.

६. ५० ते १०० किलोमीटरनंतर चारही चाकांचे नट परत तपासा. नव्या रिमचा रंग नटाखाली दबतो आणि ताण उतरतो.

घासतंय का, ते रस्त्यावर जायच्या आधी

नव्या टायरच्या दोन्ही खांद्यांवर पांढऱ्या खडूचे जाड पट्टे ओढा. फेंडरच्या आतल्या कडेला आणि लायनरच्या संशयित जागी मुलांच्या खेळण्यातल्या मातीचे लहान गोळे चिकटवा. (कणकेचा गोळाही चालतो, पण तो उन्हात वाळून गळून पडतो.)

आता गाडीला पीळ द्या. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक साधारण १५० मिमी उंच लाकडी फळ्यांच्या थरावर चढवा. विटा नकोत, भाराखाली त्या अचानक फुटतात. त्या दोन कोपऱ्यांचं सस्पेन्शन जवळजवळ पूर्ण दबतं. हँडब्रेक, खाली राहिलेल्या चाकांना अडण, आणि गाडीखाली कुणी नाही. एकाने आत बसून स्टिअरिंग हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचं, दुसऱ्याने बाहेरून बॅटरीने बघायचं. मग कोपरे उलटे करून पुन्हा.

त्यानंतर पाच माणसं बसवून, डिकीत दोन बॅगा टाकून, ओळखीच्या स्पीडब्रेकरवरून आधी हळू आणि मग नेहमीच्या वेगाने. उलट घेतानाही पूर्ण स्टिअरिंग कापून बघा; रिव्हर्समध्ये बुश उलट्या बाजूला दबतात आणि पुढे जाताना न घासणारा टायर तेव्हा घासतो. परत येऊन गोळे बघा. दाबून उरलेली जाडी म्हणजे तिथली खरी जागा. खडू पुसला गेला तिथे टायर लागला.

लागलाच तर

कुठे लागतो यावर उपाय ठरतो.

स्टिअरिंग कापल्यावर, प्लॅस्टिकला लागतो: सर्वांत सोपं. लायनर हॉट गनने मऊ करून मागे दाबा, गार होईपर्यंत धरून ठेवा, मागे आणखी एक क्लिप मारा. जमलं नाही तर घासलेल्या जागी १० मिमीची पट्टी कापा; भलंमोठं भोक पाडू नका, तिथून पावसाचं पाणी आणि गाळ थेट वायरिंगवर उडतो.

दबल्यावर फेंडरच्या कडेला लागतो, बहुधा मागे: कडेची आतली दुमड वर दाबून घ्यायची, ज्याला पत्रा रोल करणं म्हणतात. आधी फेंडरला चुंबक लावून बघा. चिकटत नसेल तर तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे, आणि रोल केलं की ती तडकून सुटणार. रंग हॉट गनने हाताला जेमतेम सोसेल इतका तापवा, मग रोलरने थोडं थोडं, तीन-चार खेपांत. लाकडी दांडका अडकवून गाडी ढकलायचा जुगाड बऱ्याच ठिकाणी चालतो; त्याने कड लाटेसारखी वेडीवाकडी होते. मागच्या कडेत आतला आणि बाहेरचा असे दोन पत्रे जोडलेले असतात, मध्ये सीलंट असतं. रोल केल्यावर ते फाटतं. त्याच दिवशी नवं सीलंट आणि गंजरोधक थर लावा. कोकणात किंवा गोव्यात गाडी असताना हे टाळलंत, तर दोन पावसाळ्यांत तिथून पत्रा फुगून वर येईल.

आत, स्ट्रटला किंवा स्प्रिंगच्या वाटीला लागतो: इथे तडजोड नाही. वेगात टायरची भिंत कापली जाऊन फुटू शकते. अरुंद टायर घ्या किंवा कमी ईटीचं रिम. ३ मिमीचा स्पेसर (हब आणि रिम यांच्यामध्ये घालायची चकती) चालू शकतो, पण हब रिंगची बैठक शिल्लक राहते का आणि नटाचे दहा फेरे भरतात का ते बघूनच. दोन-तीन स्पेसर एकावर एक ठेवायचे नाहीत.

एकाच बाजूला लागतो, दुसरीकडे नाही: टायर बदलू नका. गाडीत खोट आहे. वरचं मोजमाप परत काढा.

सगळीकडे थोडं थोडं लागतो: आकार चुकला. रोलर, कटर, स्पेसर यांवर पैसे घालवण्यापेक्षा टायर एक माप खाली आणा.

नंतर

अलाइनमेंट करून घ्या आणि छापील कागद मागा. त्यात डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये (समोरून पाहताना चाकाच्या झुकावात) अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर स्ट्रट किंवा आर्म वाकलेला असण्याची शक्यता आहे. टो (वरून पाहताना चाकांची दिशा) जुळवून तो फरक जात नाही.

हवा: भार-अंक मूळच्या इतका किंवा जास्त असेल तर स्टिकरवरच्या दाबापासून सुरुवात करा, भिंत उतरल्यामुळे दोन पीएसआय वर चालतील. पाच-सहा वाढवले तर टायर मधूनच झिजेल.

कागदोपत्री बाजू. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत केलेल्या बदलांवर बंधन घालतं. फेंडरबाहेर डोकावणारी चाकं पोलिसांच्या आणि आरटीओच्या डोळ्यांत आधी भरतात, तेव्हा टायर पत्र्याच्या आतच राहायला हवा. मॅगव्हील लावल्याचं विमा कंपनीला लेखी कळवा. पॉलिसीत नोंद नसलेल्या रिमची भरपाई मागताना वाद होतो.

स्टेपनी जुनीच, १४ इंची, चालेल. १८५/६५ आर१५ शी तिचा व्यास दोन मिमीच्या फरकाने जुळतो, म्हणून डिफरेन्शियलवर (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरवर) ताण येत नाही. मात्र पंक्चरच्या दुकानापर्यंतच, आणि बेताच्या वेगाने. स्टीलच्या डिस्कला मूळचे चार नट लागतात. ते पिशवीत बांधून स्टेपनीखाली टाका. मॅगव्हीलच्या बारीक भोकांत गाडीचा मूळ पाना बहुतेकदा जातच नाही. त्याला पातळ भिंतीचा लांब सॉकेट लागतो, आणि नटांना चावी असेल तर ती चावीसुद्धा. दोन्ही त्याच पिशवीत.